सांगली ते केरळ, चौघीजणी, पैसे कमी आणि फोनमध्ये जागाही कमी : कुठली अ‍ॅप्स ठेवू?

आंबटगोड

नमस्कार मंडळी. आम्ही चौघी मैत्रिणी, सांगली-मिरजेच्या. परीक्षा संपली की केरळला जायचं घाटतंय. कोची, अलप्पुळा, मुन्नार आणि जमलं तर वर्कला. आठवडाभर तरी. रेल्वेचं जाण्यायेण्याचं भाडं वेगळं धरून माणशी दिवसाला हजाराच्या आत राहणं, खाणं, फिरणं सगळं बसवायचंय. घरचे म्हणाले टूरवाल्यांबरोबर जा. टूरवाल्यांचा आकडा ऐकल्यावर घरचेच गप्प बसले.

माझा फोन ३२ जीबीचा आहे आणि त्यातली निम्मी जागा नातेवाइकांच्या सुप्रभातांनी खाल्लीय. यूट्यूबवर प्रवासाच्या अ‍ॅप्सचे व्हिडिओ पाहिले, पण त्यात नुसतं विमान आणि हॉटेल. आम्हाला परवडतील अशी, खरोखर पैसे वाचवणारी अ‍ॅप्स कुठली? पाच-सहाच सांगा, जास्त मावणार नाहीत.

फाटकी सॅक

पहिल्यांदा त्या सुप्रभातांची विल्हेवाट लाव. 😀

माझी यादी : रेलवन, व्हेअर इज माय ट्रेन, ऑरगॅनिक मॅप्स, गूगल ट्रान्सलेट, एक यूपीआय अ‍ॅप. गूगल मॅप्स फोनमध्ये असतंच. हॉस्टेल शोधायला अ‍ॅप नको, ब्राउझरमध्ये बघायचं. बास.

वळीव

मेकमायट्रिप, रेडबस राहिलं की. कुपनं असतात त्यावर.

बुकिंगखिडकी

रेल्वेच्या तिकीट खिडकीमागे बसण्यात माझी नोकरी गेली, म्हणून रेल्वेपुरतं जरा सविस्तर लिहितो. बाकीच्यांनी वैतागू नये.

रेलवन हे रेल्वेचं स्वतःचं अ‍ॅप, १ जुलै २०२५ ला आलं. रेल्वेची संगणक संस्था क्रिस, त्यांनी केलेलं. आरक्षित तिकीट, जनरलचं तिकीट, प्लॅटफॉर्म तिकीट, पास, गाडी कुठे आहे, तक्रार, सगळं त्यातच होतं. आधीचं आयआरसीटीसीचं किंवा यूटीएसचं (जनरल तिकिटाच्या अ‍ॅपचं) खातं असेल तर तेच चालतं. म्हणजे पोरींनो, तीन अ‍ॅप्सची जागा एकात भागली.

आता पैशाचं. रेल्वेकडून थेट तिकीट काढून यूपीआयने पैसे भरले तर सुविधा शुल्क स्लीपरला १० रुपये आणि एसीला २० रुपये, वर जीएसटी. कार्डाने भरलं तर १५ आणि ३०. हे शुल्क तिकिटाला लागतं, माणशी नाही. चौघींचं एकाच पीएनआरवर काढा. दुसऱ्या कुठल्या अ‍ॅपवरून काढलंत तर त्यांचं सेवा शुल्क वेगळं, पैसे भरण्याचं वेगळं, आणि 'तिकीट रद्द केलं तर पूर्ण परतावा' म्हणून आणखी काहीतरी. भाडं सगळीकडे तेच असतं, कारण ते रेल्वे ठरवते. मग मध्ये दलाल कशाला?

विम्याची खूण मात्र करा. माणशी ४५ पैसे. होय, पैसे. मृत्यू किंवा कायमचं पूर्ण अपंगत्व आलं तर १० लाखांपर्यंत भरपाई. खिडकीवर काढलेल्या तिकिटाला ही सोय नाही. आणि तिकीट काढल्यावर विमा कंपनीचा निरोप येतो, त्यात वारसाचं नाव भरायचं असतं. ते कुणी भरत नाही.

आधार आजच जोडून घ्या. १ जुलै २०२५ पासून ऑनलाइन तत्काल तिकीट आधार जोडलेल्या खात्यावरूनच निघतं, आणि १ ऑक्टोबर २०२५ पासून साध्या आरक्षणाच्या पहिल्या १५ मिनिटांनाही तेच लागू झालं, जानेवारी २०२६ पासून तर आरक्षण उघडतं तो अख्खा दिवस. आरक्षण आता ६० दिवस आधी उघडतं, पूर्वीसारखं १२० दिवस नाही. मिरजेहून तुम्हाला सोयीची गाडी म्हणजे पुणे-एर्नाकुलम पूर्णा एक्स्प्रेस. ती आठवड्यातून एकदाच असते, त्यामुळे सुट्टीच्या दिवसांत साठाव्या दिवशी सकाळी आठलाच बसा. एक खाचखळगा : ती पुण्याहून रात्री सुटते आणि मिरजेला मध्यरात्र उलटल्यावर येते. म्हणजे मिरजेहून शोधताना तारीख दुसऱ्या दिवसाची टाकायची. नाहीतर 'गाडीच नाही' असं दिसेल आणि लोक मुंबईला जाऊन नेत्रावती पकडायच्या गोष्टी सुरू करतील.

आंबटगोड

काका, थेट पाया पडते. आधार जोडायला आत्ताच बसले. तत्काल काढावं लागलं तर किती वाजता?

बुकिंगखिडकी

गाडी जिथून निघते तिथल्या तारखेच्या आदल्या दिवशी. एसी सकाळी १० ला, स्लीपर ११ ला. पहिला अर्धा तास एजंटांना मज्जाव आहे. अ‍ॅपमध्ये चौघींची नावं, वयं आधीच साठवून ठेवा. पण तत्कालची पाळी येऊ देऊ नका, त्याचं जादा शुल्क आहे आणि कन्फर्म तत्काल रद्द केलं तर परतावा शून्य. आणि 'प्रीमियम तत्काल' नावाचा जो कोटा दिसतो, त्याच्याकडे बघूच नका. त्यात मागणी वाढेल तसं भाडं चढतं.

वेटिंगचं तिकीट 'बघू काय होतं' म्हणून काढणाऱ्यांसाठी : ते कन्फर्म झालं नाही तर आपोआप रद्द होतं, पण माणशी ६० रुपये कापूनच पैसे येतात. चौघींचे २४० झाले. तेवढ्यात केरळात चौघींचं जेवण होतं.

वळीव

काका, तुम्ही रेल्वेचे म्हणून रेल्वेचं अ‍ॅप चांगलं म्हणता. ऐन गर्दीत ते अडकतं हो. खासगी अ‍ॅपवर वेटिंग कन्फर्म होण्याची शक्यता टक्क्यांत दिसते, एका स्थानकावरून नाही तर शेजारच्या स्थानकावरून जागा आहे का तेही दिसतं.

बुकिंगखिडकी

बघायला ती उत्तमच आहेत, कोण नाही म्हणतं? बघा तिथे, काढा इथे. टक्के हा त्यांचा अंदाज असतो, रेल्वेची हमी नव्हे.

फाटकी सॅक

+१. 'बघा तिथे, काढा इथे' हे बस आणि हॉस्टेललाही लागू. हॉस्टेल बुकिंगच्या अ‍ॅपवर शोधायचं, परीक्षणं वाचायची, मग हॉस्टेलच्या स्वतःच्या साइटवर भाव बघायचा किंवा सरळ फोन लावायचा. मधल्या अ‍ॅपला कमिशन द्यावं लागतं, ते वाचत असेल तर मालक थोडं खाली येतो. चौघी एकदम असाल तर चार खाटांची अख्खी खोलीच मागा, डॉर्मच्या (खाटेवार भाड्याच्या सामायिक खोलीच्या) भावात मिळण्याची शक्यता असते. मुलींसाठी वेगळी डॉर्म बऱ्याच ठिकाणी असते.

परीक्षणांत फक्त एक आणि दोन तारेवाली वाचायची. पाच तारेवाली वाचून कुणाचं भलं झालेलं नाही.

इडलीअप्पम

मी मूळचा विट्याचा, गेली कित्येक वर्षं त्रिशूरला. आमचा गलाईचा धंदा. (बाहेरच्यांसाठी : सोनं-चांदी गाळून शुद्ध करण्याचं काम. खानापूर-आटपाडीकडची माणसं त्यापायी देशभर पसरलीत, आणि त्रिशूर म्हणजे सोन्याचं गाव.) सांगलीच्या पोरी येणार म्हटल्यावर लिहिणं भाग आहे.

इथे फिरायला अ‍ॅप लागतं असं मला अजून तरी वाटलं नाही. केरळात बस दर थोड्या वेळाने असते, सरकारी किंवा खासगी. अडचण एवढीच की पाटी मल्याळममध्ये. तिथे गूगल ट्रान्सलेटचा कॅमेरा धरायचा, पण धावत्या बसवर तो चालत नाही. शहाणपणाचं म्हणजे थांब्यावरच्या चेचीला गावाचं नाव सांगायचं, ती बस आल्यावर तुम्हाला ढकलून आत घालते. चेची म्हणजे ताई, चेट्टन म्हणजे दादा, एवढ्यावर अर्धा केरळ होतो. साध्या बसमध्ये बायकांसाठी राखीव जागा असतात.

लांबच्या सरकारी बसचं आरक्षण केरळ एसटीच्या साइटवर किंवा अ‍ॅपवर होतं. अ‍ॅपचं नाव 'एंते केएसआरटीसी', म्हणजे माझी केएसआरटीसी. लक्षात ठेवा, कर्नाटकचीही केएसआरटीसीच. दोघांचं त्या नावावरून कोर्टापर्यंत भांडण गेलं होतं. अ‍ॅप उतरवताना कुठलं ते बघून घ्या, नाहीतर मुन्नार शोधाल आणि मडिकेरी दिसेल.

आता पैसे वाचवायची खरी गोष्ट. अलप्पुळाला हाउसबोटवाले मागे लागतील, हजारांत बोलतील. तुम्ही बसस्टँडजवळच्या बोटजेटीवर जा. तिथून राज्य जलवाहतूक खात्याच्या साध्या बोटी सुटतात. अलप्पुळा ते कोट्टयम बोट अडीच तासांच्या आसपास घेते, तिकीट तीसेक रुपये. तेच बॅकवॉटर, तीच नारळाची झाडं, शाळेची पोरं आणि मासळीवाल्या शेजारी बसलेल्या. कोट्टयमहून मुन्नारची बस मिळते, म्हणजे ही बोट तुमच्या वाटेवरच आहे, वेगळी सहल नाही. हे कुठलंच बुकिंग अ‍ॅप दाखवणार नाही, कारण त्यात कुणाला कमिशन नाही. वेळापत्रक खात्याच्या साइटवर असतं. पण आदल्या दिवशी जेटीवर विचारूनच घ्या, जलपर्णी माजली की बोटीचा मार्ग बदलतो.

आंबटगोड

दादा!! तीस रुपये?? आम्ही हाउसबोटीसाठी वेगळे पैसे बाजूला काढून ठेवले होते.

इडलीअप्पम

ते राहू देत, परतताना हलवा घ्या कोळिकोडचा.

कोचीत वॉटर मेट्रो आहे, एप्रिल २०२३ ला सुरू झाली. विजेवर चालणारी, एसी बोट, हायकोर्टाच्या धक्क्यावरून फोर्ट कोचीला जाते. सुरुवातीपासून तिकीट २० ते ४० रुपयांच्या दरम्यान. आणि त्याच पाण्यावरून जलवाहतूक खात्याची जुनी बोटही एर्नाकुलम जेटीवरून फोर्ट कोचीला जाते, ती तर आणखी स्वस्त. जाताना एक, येताना दुसरी करा. कोचीच्या मेट्रो रेल्वेचं तिकीट व्हॉट्सअ‍ॅपवरही निघतं, वेगळं अ‍ॅप नको.

पावसाळी डबा

व्हॉट्सअ‍ॅपवरून तिकीट हा मुद्दा सगळ्यांनी लक्षात घ्या. पुणे मेट्रो, नागपूर मेट्रो, दिल्ली मेट्रो, सगळ्यांचं निघतं. एका दिवसासाठी आख्खं अ‍ॅप उतरवायचं, नोंदणी करायची, मग जाहिरातींचे निरोप सहन करायचे, हा वेडेपणा आहे. मेट्रो स्टेशनवर लावलेल्या अधिकृत फलकावरचाच नंबर घ्या, फॉरवर्ड झालेला नको.

बसपुरतं : पुण्यात 'आपली पीएमपीएमएल' आणि मुंबईत बेस्टसाठी 'चलो' हे ठेवण्यासारखं आहे, कारण बस कुठवर आली ते दिसतं. पुण्यात दिवसभराचा पास ७० रुपयांत आहे. चार ठिकाणी जायचं असेल तर सुट्या तिकिटांपेक्षा बरा. मुंबई लोकलला एम-इंडिकेटरला तोड नाही. सचिन टेके यांनी २०१० साली काढलं, तेव्हापासून लोकल, बस, एसटी सगळी वेळापत्रकं नेट नसतानाही दिसतात. माझ्या आईला गूगल मॅप्स उघडता येत नाही, एम-इंडिकेटर येतं.

घाटवाट

धागाकर्तीने नकाशाचं विचारलं नाही, पण मुन्नारला जाणार म्हणून सांगतो. डोंगरात रेंज जाते. गूगल मॅप्सचा भाग आधी उतरवून ठेवता येतो, पण नेट नसताना ते फक्त गाडीचा रस्ता सांगतं. चालायची वाट नाही, बस-रेल्वेही नाही. पायी फिरणाऱ्याला काय उपयोग?

ऑरगॅनिक मॅप्स हे ओपनस्ट्रीटमॅपवर चालतं. फुकट, जाहिराती नाहीत, खातं काढायला लागत नाही, माग काढत नाही. केरळचा नकाशा घरी वायफायवर उतरवून घ्या. पायवाटा, पाण्याच्या टाक्या, देवळं, एटीएमसुद्धा दिसतात. सह्याद्रीतल्या कित्येक गडांच्या वाटा आपल्याच ट्रेकर लोकांनी त्यात भरल्यात. ओस्मअँड त्याहून ताकदवान आहे, पण नवख्याला त्याची बटणं बघूनच घाम फुटेल.

बॅटरी कमी खातं हाही पैशाचाच मुद्दा. पॉवर बँक रिकामी झाली की माणूस चार्जिंगसाठी म्हणून कॅफेत बसतो आणि १८० रुपयांची कॉफी पितो.

अनुस्वार

कॉफीवर कोटी करायचा मोह आवरला आहे.

गंभीरपणे : व्हेअर इज माय ट्रेन ठेवाच. बंगळुरूच्या सिग्मॉइड लॅब्सने केलेलं, २०१८ च्या अखेरीस गूगलने ती कंपनी घेतली. गाडीत बसलेले असताना मोबाइलच्या टॉवरवरून ठिकाण ओळखतं, नेट आणि जीपीएस दोन्ही नसलं तरी चालतं. पहाटे कुठल्या स्टेशनला उतरायचं त्याचा गजर लावता येतो. आणि डबा फलाटावर कुठे येईल तेही दिसतं, म्हणजे सॅक घेऊन पळापळ नाही, हमाल नाही.

वळीव

सगळे सरकारी सरकारी करताय, तर एसटीचं कुणी बोललं नाही. एसटीचं अ‍ॅप चालतं तरी का?

फाटकी सॅक

चालतं, आपल्या लयीत चालतं. पण सवलती एवढ्या आहेत की चार वेळा प्रयत्न केलेला परवडतो. बायकांना मार्च २०२३ पासून अर्धं तिकीट, कुठल्याही प्रकारच्या एसटीत. ७५ वर्षांवरच्यांना ऑगस्ट २०२२ पासून फुकट. पण हे राज्याच्या हद्दीपर्यंतच. बेळगावला चाललात तर पुढचं पूर्ण लागतं. आणि कर्नाटकातली शक्ती योजना तिथल्या रहिवासी बायकांसाठीच आहे, आपल्या आधारवर मिळत नाही. हे विचारणारे दर वर्षी भेटतात म्हणून आधीच सांगितलं.

'आवडेल तेथे प्रवास' पास तर अ‍ॅपवाल्या पिढीला माहीतच नाही. चार किंवा सात दिवसांचा, एकदा पैसे भरायचे आणि महाराष्ट्रभर एसटीने उंडारायचं. पुढच्या वेळी कोकण करा त्याच्यावर.

पावसाळी डबा

खासगी बसच्या अ‍ॅप्सवर एक सावधगिरी. मी एका अ‍ॅपवर कोल्हापूर-पुणे काढत होते. यादीत एक भाडं, पैसे भरायच्या पानावर दुसरंच. निरखून पाहिलं तर प्रवास विमा, 'खात्रीशीर सेवा' आणि कुठल्यातरी संस्थेला दहा रुपये देणगी, तिन्ही खुणा आधीच केलेल्या. सगळ्या काढल्या तेव्हा भाडं जागेवर आलं. 'फक्त दोनच सीट शिल्लक' हेही पाच मिनिटं लाल रंगात लुकलुकत होतं. बसमध्ये बसल्यावर अर्धी बस रिकामी.

अनुस्वार

याला डार्क पॅटर्न म्हणतात आणि ग्राहकांना फसवण्याच्या असल्या १३ तऱ्हा केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ च्या मार्गदर्शक सूचनांत नावानिशी दिल्यात. न विचारता टोपलीत वस्तू टाकणं, खोटी घाई करणं, शेवटच्या पानावर भाडं वाढवणं, नको म्हटल्यावर लाजवणं. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार होते. पडद्याचे फोटो काढून ठेवायचे.

वळीव

मी तर खासगी विंडोत उघडतो. नेहमीच्या ब्राउझरमध्ये परत परत बघितलं की भाडं वाढतं.

बुकिंगखिडकी

रेल्वे आणि एसटीचं वाढणार नाही, छापील आहे. राजधानी, शताब्दी, दुरांतोला २०१६ पासून जागा भरतील तसं भाडं चढतं, पण ते सगळ्यांनाच, तुमचा ब्राउझर बघून नव्हे.

अनुस्वार

विमानाचंही तसंच. स्वस्त गटातल्या जागा संपल्या की पुढच्या गटाचं भाडं दिसतं. तुम्ही दहा वेळा बघितलं म्हणून नाही, त्या वेळात दुसऱ्याने काढलं म्हणून. गूगल फ्लाइट्समध्ये तारखांची कॅलेंडर-जाळी बघा, दोन दिवस इकडेतिकडे केले तर जो फरक पडतो तो कुठल्या खासगी विंडोने पडत नाही.

राईनकाठ

थोडं अवांतर. मी श्टुटगार्टला असते. दर सप्टेंबरात नवीन मराठी विद्यार्थी येतात आणि हाच प्रश्न विचारतात, म्हणून इथेच लिहून ठेवते. पुढे लिंक देता येईल.

जर्मनीत पहिलं अ‍ॅप डीबी नॅव्हिगेटर, जर्मन रेल्वेचं. त्यात डॉइचलँडटिकेट घेता येतं : महिन्याला एकरकमी, देशभरच्या सगळ्या शहर बस, ट्रॅम, मेट्रो आणि प्रादेशिक गाड्या. मे २०२३ मध्ये ४९ युरोला सुरू झालं, २०२५ ला ५८ झालं, जानेवारी २०२६ पासून ६३. आयसीई, आयसी असल्या वेगवान गाड्यांत चालत नाही. आणि हे तिकीट नाही, वर्गणी आहे! महिन्याच्या १० तारखेच्या आत रद्द केलं नाही तर पुढच्या महिन्याचे पैसे जातात. बानकार्डचंही (रेल्वेच्या सवलत कार्डाचंही) तसंच, आपोआप पुढे चालू राहतं. आपल्याकडच्या पोरांना 'एकदा पास काढला, संपला' ही सवय.

वेगवान गाडीचं स्वस्त तिकीट लवकर काढलं तर मिळतं, पण ते त्याच गाडीला बांधलेलं असतं. पोचायला २० मिनिटं किंवा जास्त उशीर होणार असं दिसलं की ते बंधन सुटतं, दुसरी गाडी धरता येते. तासभर उशीर झाला तर भाड्याचा पाव भाग, दोन तास झाला तर निम्मं परत, आणि हा दावा अ‍ॅपमधूनच करता येतो. जर्मन रेल्वे वेळेवर असते असं समजून येणाऱ्यांना हा मोठाच आधार आहे. 😀

जेवणासाठी 'टू गुड टू गो'. बेकरी, उपाहारगृहं बंद व्हायच्या वेळी उरलेलं एका पिशवीत स्वस्तात विकतात. पिशवीत काय ते आधी कळत नाही, शाकाहारी लोकांनी तशी खूण असलेलीच पिशवी घ्यावी.

आंबटगोड

राईनकाठताई, माझी आतेबहीण येतेय तिकडे, तिला पाठवते हे.

केरळात जेवणाचं काय? तिथे आमच्यातल्या दोघी शाकाहारी.

इडलीअप्पम

जेवणाचं अ‍ॅप नकोच. घरपोच मागवलं की डब्याचे, पोचवायचे, सगळ्याचे वेगळे. गूगल मॅप्सवर 'जनकीय' असं शोधा. कुटुंबश्रीच्या (केरळ सरकारच्या महिला बचत गटांच्या) बायका चालवतात ती जनकीय हॉटेलं. आधी थाळी २० रुपयांना होती, २०२३ मध्ये सरकारी अनुदान थांबलं तेव्हा ३० केली. भात, सांबार, तोरण (खोबरं घातलेली सुकी भाजी), लोणचं. मासा हवा तर वेगळे पैसे. दुपारी दीडच्या आत पोचा, नंतर भांडी घासताना दिसतील. शाकाहारींनी 'शुद्ध शाकाहारी' असं विचारत बसू नये, 'मीन वेंडा, इरच्ची वेंडा' म्हणायचं, मासा नको, मांस नको. बाकी प्रत्येक देवळाजवळ एक शाकाहारी हॉटेल असतंच.

मुन्नारला राहायचं : तिथल्या केएसआरटीसी डेपोत जुन्या बसमध्ये झोपायच्या खणांची सोय केलेली आहे, २०२० पासून. सुरुवातीला माणशी १०० रुपये होते. ऑनलाइनच्या भानगडीत न पडता डेपोला फोन करून विचारा, आणि मुलींसाठी अख्खी बस किंवा वेगळा भाग मिळतो का तेही. नाही तर गावात घरगुती खोल्या भरपूर आहेत. बसमधून उतरल्यावर जो माणूस 'रूम, रूम' म्हणत येतो त्याच्याबरोबर जाऊ नका, त्याचं कमिशन तुमच्या भाड्यात असतं.

बुकिंगखिडकी

राहण्यावरून आठवलं. स्टेशनवरच्या विश्रांतिगृहाची खोली किंवा डॉर्मिटरीतली खाट आयआरसीटीसीवरून काढता येते. कन्फर्म किंवा आरएसी तिकिटाचा पीएनआर लागतो. एर्नाकुलमला रात्री-अपरात्री पोचलात तर रिक्षा आणि हॉटेल शोधण्यापेक्षा ते सुरक्षित आणि स्वस्तही.

आणि एक गोष्ट, जी अ‍ॅपमध्ये मिळत नाही. ५०० किलोमीटरच्या पुढच्या तिकिटावर मध्ये उतरून दोन दिवस मुक्काम करता येतो. पहिला थांबा ५०० किलोमीटर झाल्यावरच घ्यायचा. मिरज-एर्नाकुलम तिकिटावर मडगावला नाही जमणार, मंगळुरूला जमेल. रेल्वेचं भाडं लांब जाल तसं किलोमीटरमागे कमी होत जातं, म्हणून दोन तुकड्यांत काढण्यापेक्षा एकसलग काढलेलं स्वस्त पडतं. हे खिडकीवर फॉर्म भरताना सांगावं लागतं, पुढच्या टप्प्याचं आरक्षण त्यातच करून घ्यायचं. तसंच गोल फिरून परत त्याच स्टेशनला येणार असाल तर चक्राकार प्रवासाचं तिकीट, आठ थांब्यांपर्यंत. मोठ्या स्टेशनला आधी अर्ज द्यावा लागतो. खिडकीवरचा नवीन पोरगा 'असलं काही नसतं' म्हणाला तर मुख्य आरक्षण पर्यवेक्षकाला भेटा. असतं.

घाटवाट

काका, हे सोनं आहे. वाचनखूण साठवली.

फाटकी सॅक

खर्चाचा हिशेब चौघीत कसा ठेवणार? स्प्लिटवाइजने फुकटवाल्यांना दिवसाला मोजक्याच नोंदी ठेवल्यात, प्रवासात त्या दुपारपर्यंत संपतात. ट्रायकाउंट बघा, किंवा सरळ एकीच्या फोनमध्ये गूगल शीट. सगळ्यात सोपं म्हणजे रोज सकाळी चौघींनी ठरावीक रक्कम एकीकडे जमा करायची आणि तिनेच दिवसभर द्यायचे.

तिच्या फोनवर यूपीआय लाइट चालू करा. एकावेळी १००० पर्यंत पिन न टाकता जातात, त्यात जास्तीत जास्त ५००० ठेवता येतात. बँकेचा सर्व्हर झोपला तरी चहावाल्यापुढे उभं राहायला लागत नाही. फोन हरवला तर ते पैसे कुणीही उडवू शकतो, तेव्हा फोनला कुलूप हवंच. आणि तरीही सुटे पैसे जवळ ठेवा. बोटीत, खासगी बसमध्ये रोखच लागतात.

पावसाळी डबा

ओळखपत्राचं : डिजिलॉकरमधलं आधार किंवा लायसन्स टीसीला चालतं, पण सरकारकडून आलेल्या कागदपत्रांच्या भागातलं. आपण फोटो काढून चढवलेलं नाही. जनरलच्या पेपरलेस तिकिटाचा स्क्रीनशॉटही चालत नाही, अ‍ॅप उघडूनच दाखवावं लागतं. ते नेट नसताना उघडतं, पण फोन बंद पडला तर तुम्ही विनातिकीट.

मुलींनो, १३९ हा रेल्वेचा मदत क्रमांक आणि ११२ हे दोन पाठ करा. अ‍ॅप शोधायला वेळ नसतो तेव्हा हे उपयोगी पडतात.

आंबटगोड

सगळ्यांचे मनापासून आभार. आज सकाळी आठला चौघी चार फोन घेऊन बसलो. रेलवन दोघींचं अडकलं (वळीवदादा खूश), तिसरीचं चाललं. स्लीपर, एकाच पीएनआरवर. तीन बर्थ कन्फर्म, एक आरएसी. येतानाचं अजून उघडलं नाही.

बुकिंगखिडकीकाका, आरएसी म्हणजे चौथीचं काय होणार? तिची आई रोज विचारतेय.

बुकिंगखिडकी

आईंना सांगा, गाडीत बसायला मिळणार हे नक्की. आरएसीला बाजूच्या खालच्या बर्थवर दोघांत मिळून जागा असते. साठ दिवस आधीची आरएसी बहुतेक कन्फर्म होते, कारण एवढ्यात पुष्कळ लोक रद्द करतात. नाही झाली तरी तिघींच्या बर्थवर चौथी आळीपाळीने झोपेल, टीसी काही म्हणत नाही.

अशा रात्रीच्या गाडीचा चार्ट आता ती सुटायच्या दहा तास आधी लागतो. तो पुण्याहून सुटायच्या वेळेवरून धरतात, मिरजेच्या नाही. म्हणजे आदल्या दिवशी दुपारीच कळेल. एकाच पीएनआरवर आहात, तेव्हा कुणी एकीचं वेगळं रद्द करून दुसरं काढायच्या फंदात पडू नका. येतानाचं ज्या दिवशी उघडेल त्याच्या आदल्या रात्री अ‍ॅपमध्ये एकदा लॉगिन करून पासवर्ड चालतोय ना ते बघून ठेवा.

इडलीअप्पम

त्रिशूर वाटेवरच लागतं. गाडी थांबते. उतरायचं ठरलं तर इथे कळवा, चुलत्यांच्या घरी भाकरी मिळते.